घरात उरलेला रंग: कसा वापरावा, कसा ठेवावा आणि कसा टाकावा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घराघरांत रंगकाम निघते, आणि ते आटोपले की उरलेल्या रंगाचे दोन-चार डबे माळ्यावर, जिन्याखाली किंवा गॅलरीतल्या कपाटात जाऊन बसतात. पुढचे रंगकाम निघेपर्यंत त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. तोवर पत्र्याचे डबे गंजतात, झाकणे चिकटतात, कोणता रंग कोणत्या खोलीचा होता हे आठवत नाही, आणि मग एखाद्या आवराआवरीत ते सगळे मोरीत किंवा रस्त्याकडेच्या गटारात ओतले जाते, नाहीतर अर्धा भरलेला डबा तसाच घंटागाडीत टाकला जातो. या दोन्ही गोष्टी करू नयेत. त्याऐवजी काय करावे हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

भिंतीच्या प्लास्टिक इमल्शनला पाण्याचा रंग म्हटले जात असले, तरी त्यात पाण्याखेरीज प्लास्टिकच्या जातीची राळ, टिटॅनियम डायऑक्साइडसारखी भुकटी आणि डब्यात रंग सडू नये म्हणून घातलेली जंतुनाशके असतात. तो मोरीतून सेप्टिक टँकमध्ये गेला, तर ज्या जिवाणूंवर त्या टाकीचे काम चालते त्यांनाच ही जंतुनाशके मारक ठरतात. रस्त्याकडेच्या गटाराची गोष्ट याहून वाईट आहे. मुंबईसारख्या शहरात पावसाळी पाण्याच्या नाल्यांचा शेवट खाडीत किंवा समुद्रात होतो, तर पुण्यासारख्या शहरात नदीत, आणि त्या पाण्यावर वाटेत कोणतीही प्रक्रिया होत नाही. ऑइल पेंट, थिनर आणि टर्पेंटाइन यांच्या बाबतीत विषारीपणाला ज्वलनशीलतेचीही जोड मिळते.

भरलेला डबा कचऱ्यात टाकला की त्याचा त्रास कोणाला होतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कचरा दाबणाऱ्या गाडीत डबा फुटतो आणि रंग आजूबाजूच्या कागदावर, कापडावर, प्लास्टिकवर पसरतो. विकता आला असता असा सुका माल त्यामुळे मातीमोल होतो. तो हाताने वेगळा करणारी माणसे आपल्या ओळखीची असतात. पुण्यात 1993 साली कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली आणि आज तिथे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे सभासद घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात. त्यांची रोजची कमाई सुका माल निवडून विकण्यातूनही होते. थिनरने भिजलेले कापड किंवा रंगाने माखलेली पिशवी त्यांच्या हातात देणे हा अन्याय आहे, आणि तो टाळण्यासाठी आपल्याला फारसे कष्टही पडत नाहीत.

आधी डब्यात काय आहे ते ओळखावे

पुढची प्रत्येक कृती रंग पाण्याचा आहे की तेलाचा, यावर अवलंबून आहे. डब्यावर रंग पातळ करण्याची सूचना छापलेली असते. तिथे पाणी लिहिले असेल, तर तो इमल्शन, डिस्टेंपर किंवा पाण्याचा प्रायमर असतो. टर्पेंटाइन किंवा थिनर लिहिले असेल, तर तो इनॅमल म्हणजे ऑइल पेंट, वॉर्निश, लाकडाचे पॉलिश किंवा लोखंडाचा रेड ऑक्साइड प्रायमर असतो. छापील मजकूर पुसला गेला असल्यास काडीने थेंबभर रंग पेल्यातल्या पाण्यात सोडून ढवळावा. पाण्याचा रंग लगेच मिसळून पाणी दुधाळ होते, तर तेलाचा रंग वेगळा राहून वर तरंगतो किंवा गोळा होतो.

त्यानंतर रंग चांगला आहे की नाही ते पाहावे. इमल्शनला सौम्य अमोनियासारखा वास असणे स्वाभाविक आहे. मात्र आंबट किंवा कुजका वास येत असेल, तर त्यात जिवाणू वाढलेले असतात आणि तो रंग भिंतीवर मारल्यास वास खोलीत राहतो. वर पाणी आणि खाली गाळ दिसला म्हणून रंग खराब झाला असे समजू नये. स्वच्छ काठीने तळापासून चार-पाच मिनिटे ढवळून तो एकजीव होत असेल, तर वर्तमानपत्राच्या कागदावर एक हात मारून पाहावा. गुठळ्या उठल्या नाहीत तर रंग वापरण्याजोगा आहे. ऑइल पेंटवर साय धरलेली असते. ती ढवळून आत मिसळू नये. कडेने सोडवून अखंड उचलावी आणि खालचा रंग जुन्या सुती कापडातून गाळून घ्यावा.

उरू नये म्हणून

रंग उरण्याचे मुख्य कारण अंदाजाने केलेली खरेदी हे आहे. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली घेतली, तर चार भिंतींचे क्षेत्रफळ 440 चौरस फूट होते. त्यातून एक दार आणि एक खिडकी वजा केली की साधारण 400 चौरस फूट उरतात. पुट्टी (लांबी) भरून प्रायमर मारलेल्या भिंतीवर चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांत सुमारे 120 चौरस फूट जातो, असे धरले तर या खोलीला साडेतीन लिटरच्या आत रंग लागतो. म्हणजे चार लिटरचा डबा पुरेसा आहे. दहा लिटरचा डबा दर लिटरला स्वस्त पडतो म्हणून घेतला, तर सहा लिटर माळ्यावर जातात आणि ती बचत खरी राहत नाही. प्रत्येक कंपनीचा रंग किती क्षेत्र व्यापतो हे डब्यावर किंवा माहितीपत्रकावर दिलेले असते, तो आकडा आपल्या हिशेबात घालावा.

यंत्रावर छटा मिसळून घेतलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही. न फोडलेला पांढरा रंग, प्रायमर किंवा पुट्टीची पिशवी मात्र पुष्कळ दुकानदार परत घेतात. त्यामुळे छटेचा रंग आधी थोडा कमी घेऊन, यंत्राने काढलेली चिठ्ठी जपून ठेवावी आणि लागल्यास त्याच क्रमांकाने पुन्हा मिसळून घ्यावा. दोन वेळच्या मिसळणीत किंचित फरक पडू शकतो, म्हणून नवा डबा भिंतीच्या मध्यावर सुरू न करता कोपऱ्यापासून सुरू करावा.

काम ठेकेदाराकडे साहित्यासह दिले असेल, तर उरलेला रंग कोण नेणार हे आरंभीच ठरवून घ्यावे. आपल्याला डागडुजीपुरता लिटरभर रंग पुरतो. बाकीचा रंगाऱ्याने नेला तर त्याच्याकडे तो दुसऱ्या कामावर वापरला जाण्याची शक्यता आपल्या माळ्यापेक्षा खूप जास्त असते.

उरलेला चांगला रंग वापरून टाकावा

वापर ही विल्हेवाटीची सर्वांत उत्तम रीत आहे, आणि वाटते त्याहून ती सोपी आहे. वेगवेगळ्या खोल्यांचे उरलेले इमल्शन एकाच मोठ्या बादलीत गाळून एकत्र केले, तर त्यातून बहुधा राखाडी किंवा बदामी झाक असलेला एकसारखा रंग तयार होतो. अडगळीची खोली, कपाटांची आतली बाजू, पाण्याच्या टाकीकडे जाणारा जिना किंवा सोसायटीची सायकल ठेवण्याची जागा यांसाठी तो पुरेसा चांगला असतो. फिक्या छटा वेगळ्या आणि गडद छटा वेगळ्या ठेवल्यास रंग मळकट होत नाही. मात्र पाण्याच्या आणि तेलाच्या रंगांची कधीही मिसळण करू नये, आणि बाहेरच्या भिंतीचा रंग घरात वापरू नये, कारण त्यात बुरशी व शेवाळ रोखणारी द्रव्ये जास्त असतात. आतला रंग बाहेर मारला तर अपाय होत नाही, पण तो पहिल्याच पावसाळ्यात सुटू लागतो.

लिटर-दोन लिटर चांगला रंग शेजारी, गावाकडची अंगणवाडी, शाळा किंवा व्यायामशाळा यांना देता येतो. देताना डब्यावर रंगाचा प्रकार, डबा फोडल्याचे वर्ष आणि तो आतला आहे की बाहेरचा हे स्पष्ट लिहावे. ज्याची स्वतःच्या भिंतीवर खात्री वाटत नाही, असा रंग दुसऱ्याला देऊ नये; तसे केल्यास आपण फक्त टाकण्याचे काम त्याच्यावर ढकललेले असते.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. उरलेला ऑइल पेंट गणपतीच्या मूर्तीवर किंवा विसर्जनाबरोबर पाण्यात जाणाऱ्या आराशीवर लावू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 सालच्या मूर्ती विसर्जनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मूर्ती रंगवण्यासाठी विषारी रासायनिक रंग व ऑइल पेंट वापरण्यास स्पष्ट विरोध आहे.

ठेवायचाच असेल तर

अर्ध्याहून अधिक रिकामा डबा ठेवू नये, कारण आतल्या हवेने रंग लवकर खराब होतो. रंग लहान, घट्ट झाकणाच्या बरणीत काढावा. खाण्याच्या पदार्थाची किंवा शीतपेयाची बाटली मात्र त्यासाठी कधीही घेऊ नये, कारण लहान मूल चुकून ती तोंडाला लावू शकते. डब्याच्या कडेची खाच कापडाने पुसून, वर जाड प्लास्टिकचा कागद घालून झाकण चहूबाजूंनी सारखे ठोकून बसवावे. खोलीचे नाव, छटेचा क्रमांक आणि तारीख डब्याच्या अंगावर लिहावी. झाकणावर लिहिल्यास झाकणांची अदलाबदल होते.

तेलाचे रंग आणि थिनर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, जिन्याखाली किंवा विजेच्या मीटरजवळ ठेवू नयेत. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत दूरच्या ज्वाळेपर्यंत पोहोचू शकते. गॅसची शेगडी, देवघरातली समई आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांपासून या वस्तू लांब असाव्यात.

पाण्याचा रंग टाकायचा असल्यास

खराब झालेले इमल्शन किंवा डिस्टेंपर द्रवरूपात कुठेही न टाकता आधी पूर्ण वाळवावे. थोडाच रंग असेल, तर जुन्या खोक्याला आतून प्लास्टिक लावून त्यात तो पातळ थरात ओतावा आणि उन्हात, मुलांचा व जनावरांचा हात-तोंड पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा. वरची साय धरली की आतला रंग ओला राहतो, म्हणून थर जाड नसावा आणि मधून मधून काठीने उलटवावा. पावसाळ्यात हे काम उघड्यावर करू नये. एका सरीत सगळा रंग वाहून जातो.

रंग दोन-चार लिटर असेल, तर वाळवत बसण्यापेक्षा तो घट्ट करणे सोपे पडते. डब्यातच कोरडी वाळू आणि थोडे सिमेंट घालून, गिलाव्याच्या मालासारखा दाट होईपर्यंत काठीने कालवावे आणि झाकण उघडे ठेवून तीन-चार दिवस तसेच राहू द्यावे. सिमेंट त्वचेला जाळते, त्यामुळे रबरी हातमोजे घालावेत. डबा आडवा केल्यावर काहीही वाहत नाही, इतके झाले म्हणजे काम पुरे झाले. असा घट्ट गोळा ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात न मिसळता घरगुती घातक कचऱ्यात द्यावा; तो कोठे द्यायचा हे शेवटी सांगितले आहे.

ब्रश आणि रोलर धुण्याच्या पाण्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि रंगकामात सर्वांत जास्त रंग गटारात जातो तो याच वाटेने, असे माझे मत आहे. आधी ब्रश डब्याच्या कडेला निथळून, जुन्या वर्तमानपत्रावर तो जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा. मग नळाखाली न धरता बादलीत धुवावा. त्या बादलीत एक-दोन चमचे तुरटीची पूड टाकून चांगले ढवळले आणि बादली रात्रभर स्थिर ठेवली, तर रंग गोळा होऊन तळाशी बसतो. लागल्यास आणखी थोडी तुरटी घालावी. वरचे निवळ पाणी संडासात किंवा मलनिस्सारण वाहिनीला जोडलेल्या मोरीत सोडावे. विहीर, बोअर, झाडांचे आळे आणि पावसाळी गटार यांत नव्हे. घराला सेप्टिक टँक असेल, तर निवळ पाणीही पसरट घमेल्यात उन्हाने आटू द्यावे. तळचा गाळ वाळवून वरच्याप्रमाणेच द्यावा.

तेलाचा रंग, थिनर आणि चिंध्या

येथे घाई केल्यास आग लागू शकते. ऑइल पेंट, वॉर्निश किंवा अळशीचे तेल लागलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निर्माण होते, ती बोळ्यात अडकते आणि ठिणगीशिवायही कापड पेट घेऊ शकते. फर्निचर करणारे सुतार डबल बॉइल्ड अळशीचे तेल वापरतात, त्यांच्या चिंध्यांचा धोका सर्वांत अधिक असतो. म्हणून प्रत्येक चिंधी घराबाहेर, सावलीत, दोरीवर सुटी पसरून कडक होईपर्यंत वाळवावी. तेवढी जागा नसेल तर पत्र्याच्या डब्यात पाणी भरून चिंध्या त्यात बुडवाव्यात आणि झाकण लावून डबा तसाच घातक कचऱ्यात द्यावा. याच कारणासाठी तेलाचा रंग शोषून घेण्यास लाकडाचा भुसा वापरू नये. कोरडी वाळू किंवा माती घ्यावी.

वापरलेले थिनर किंवा टर्पेंटाइन लगेच फेकण्याची गरज नसते. काचेच्या किंवा पत्र्याच्या बंद भांड्यात दोन-तीन दिवस ठेवल्यास रंग खाली बसतो, आणि वरचे निवळ द्रव हलकेच दुसऱ्या भांड्यात काढून पुढच्या वेळी ब्रश धुण्यास वापरता येते. तळाचा गाळ वाळूत मिसळून मोकळ्या हवेत वाळवावा. थिनर उडून जावे म्हणून ते मुद्दाम उघडे ठेवणे अयोग्य आहे, कारण ती वाफ आपणच श्वासात घेतो. मोठ्या प्रमाणात शिल्लक असेल तर पॉलिशवाल्याला किंवा गॅरेजला द्यावे, त्यांच्याकडे ते रोज लागते.

पॉलिशच्या पीयू (पॉलियुरेथेन) प्रकारात हार्डनरची, म्हणजे पॉलिश घट्ट करणाऱ्या द्रवाची, वेगळी बाटली असते. दोन्ही भाग मिसळल्यानंतर उरलेले मिश्रण झाकण लावून ठेवू नये. ते उघड्या डब्यात, पातळ थरात घट्ट होऊ द्यावे. हार्डनरमध्ये पाणी गेले की वायू तयार होऊन बंद बाटली फुगते, म्हणून न मिसळलेला हार्डनर कारागिरालाच परत न्यायला सांगावा. स्प्रे पेंटचा डबा बाहेर मोकळ्या जागेत दाबून पूर्ण रिकामा करावा. तो भोसकू नये, उन्हात ठेवू नये आणि कोणत्याही परिस्थितीत शेकोटीत टाकू नये.

रंग सांडला तर पाणी ओतू नये. त्यावर वाळू किंवा माती टाकून, ती रंग शोषून घेईपर्यंत थांबून, पत्र्याने खरवडून उचलावे.

जुन्या दारांची खरवड

घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम केंद्र सरकारने 2016 साली अधिसूचित केला आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचे ऑइल पेंट, विशेषतः पिवळे, लाल आणि केशरी, तसेच जुन्या खिडक्यांच्या गजांना मारलेला शेंदरी प्रायमर यांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. माळ्यावरचा त्या काळातला डबा कितीही चांगला दिसला तरी वापरू नये. जुनी दारे घासताना कोरडा पॉलिश पेपर न वापरता पाण्याचा वापरावा, खाली प्लास्टिक अंथरावे, खरवड झाडूने न लोटता ओल्या कापडाने उचलावी आणि पिशवीत घट्ट बांधावी. शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही. त्यांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांना काम चालू असताना त्या खोलीत येऊ देऊ नये.

रिकामे डबे

पत्र्याचा डबा तळापर्यंत निथळून, उरलेला थर वाळल्यावर झाकण काढून भंगारवाल्याला द्यावा, म्हणजे तो रिकामा असल्याचे त्याला दिसते. वीस लिटरची प्लास्टिकची बादली मजबूत असते आणि बांधकामाला, फरशी पुसायला किंवा शोभेची झाडे लावायला चालते. तिच्यात पिण्याचे पाणी, धान्य किंवा पीठ ठेवू नये आणि भाजीपाला लावू नये, कितीही धुतली तरी. थिनरचा डबा तर कोणत्याही घरगुती वापरात आणू नये.

कोठे द्यावे

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले आणि हा कचरा घेण्यासाठी स्थानिक संस्थेने दर 20 चौरस किलोमीटर क्षेत्रामागे एक केंद्र उभारावे असे सांगितले. त्यांच्या जागी 1 एप्रिल 2026 पासून आलेल्या 2026 च्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकार आहेत, आणि रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर व औषधे हे चौथ्या प्रकारात येतात. औद्योगिक घातक कचऱ्यासाठी राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे प्रक्रिया केंद्रे आहेत, परंतु एकट्या घरमालकाने तिथे डबा घेऊन जाण्यात अर्थ नाही. आपला दुवा महापालिकेचे प्रभाग कार्यालय, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत हाच आहे.

कार्यालयात विचारताना ‘घरगुती घातक म्हणजे विशेष काळजीचा कचरा कोणत्या दिवशी आणि कोठे घेतला जातो’ असा नेमका प्रश्न घनकचरा विभागाच्या आरोग्य निरीक्षकाला विचारावा आणि उत्तर समाधानकारक नसेल तर सोसायटीच्या पत्रावर लेखी मागावे. एका घराच्या दोन डब्यांसाठी वेगळी गाडी येणे कठीण असते, पण दिवाळीनंतर चाळीस घरांचे डबे एकत्र नोंदवून दिले तर विभागाला ती सोय करणे भाग पडते. तोपर्यंत सोसायटीत छताखाली, कुलूप लावता येईल अशा जागी वाळूचा थर टाकून डबे उभे ठेवावेत, तेलाचे आणि पाण्याचे वेगळे. स्वतंत्र गाडी न येणाऱ्या गावात घट्ट केलेला रंग वेगळ्या पिशवीत बांधून, पिशवीवर ठळक अक्षरांत ‘वाळलेला रंग’ असे लिहून, कचरा नेणाऱ्या ताई-दादांना ती हातात देऊन तोंडीही सांगावे.